गणपतीला गावी, कमी इंधनात : कुडाळजवळच्या एका वाडीच्या प्रवास-नोंदी, २०२५

काम असे : मुंबई, ठाणे, डोंबिवली इथे विखुरलेल्या एका वाडीची ११ घरे, माणसे ५८. गणपतीला गावी जाऊन गौरी-गणपती विसर्जनानंतर परत. एका बाजूचे अंतर सुमारे ४८० किलोमीटर. स्वतःच्या गाड्या शक्य तितक्या मुंबईतच ठेवायच्या आणि गावात कचरा मागे सोडायचा नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या वाडीला हेच करायचे असेल तर उपयोगी पडावे म्हणून चुका आणि खर्च जसेच्या तसे लिहिले आहेत.

१५ जून, रविवार : गेल्या वर्षीचा हिशोब

२०२४ मध्ये १० गाड्या गेल्या, त्यांत ३९ माणसे. उरलेली १९ रेल्वेने. गाडीला सरासरी १४ किलोमीटरचा ॲव्हरेज धरला (घाट, खड्डे, एसी, माणगावची रांग हे सगळे आले). जाऊन-येऊन ९,६०० किलोमीटर, म्हणजे ६८६ लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलला २.६८ किलो. एकूण १,५७७ किलो, माणशी ४० किलो.

प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारला : गाडी कशासाठी लागते? ‘आरामासाठी’ असे उत्तर दोनच घरांचे आले. बाकी सगळीकडे तीच चार कारणे. सामान फार, मूर्ती न्यायची, स्टेशनापासून वाडी १४ किलोमीटर, आणि गावात रोज बाजाराला जायचे. म्हणजे ४८० किलोमीटरची गाडी डिकीसाठी आणि शेवटच्या १४ किलोमीटरसाठी निघते. ही चार कारणे सुटली की गाडी आपोआप सुटते. ती तशीच ठेवून ‘रेल्वेने या’ म्हणत राहिले तर कोणी येत नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

२४ जून, मंगळवार : आरक्षण, आणि तारखेची चूक

रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांऐवजी ६० दिवस आधी उघडते, प्रवासाचा दिवस सोडून. दोन घरे एप्रिलपासूनच ‘तिकिटे संपली असतील’ असे धरून बसली होती. त्यांना हे आधी समजवावे लागले.

तयारी अशी : चार जणांची खाती, एका तिकिटावर सहा माणसे. नावे-वये आदल्या रात्रीच प्रवासी यादीत भरून ठेवली. पैसे यूपीआयने. कार्डाचा ओटीपी येईपर्यंत जागा जातात. आठला पाच मिनिटे असताना लॉगिन.

तीन तिकिटे, १८ माणसे, तुतारी एक्सप्रेस, स्लीपर, सगळी कन्फर्म. रात्री तिकिटे नीट वाचली तेव्हा चूक कळली. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शनिवार २३ ऑगस्टच्या रात्री निघायचे असेल तर तिकीट २४ तारखेचे हवे. आपण २३ चे काढले, म्हणजे शुक्रवारी रात्रीच स्टेशनवर हजर राहायला हवे. नोकरदारांना ते जमण्यासारखे नव्हते.

दुरुस्ती : एक तिकीट तसेच ठेवले. सहा निवृत्त मंडळी एक दिवस आधी जातील, घरे उघडतील, अंगणातले गवत कापतील. उरलेली दोन रद्द केली. स्लीपरला माणशी १२० रुपये कापतात, १२ माणसांचे १,४४० रुपये गेले.

२५ जून, बुधवार

२४ ऑगस्टच्या तारखेने पुन्हा प्रयत्न. दोन तिकिटे कन्फर्म, तिसरे थेट वेटिंगवर. ई-तिकिटावरची सगळी माणसे वेटिंगवरच राहिली तर चार्ट लागल्यावर तिकीट आपोआप रद्द होते, म्हणून त्यावर विसंबायचे नाही असे ठरले. गणपती स्पेशल जाहीर झाल्यावर तिथे सहा जागा घेतल्या. स्पेशलचे भाडे नेहमीपेक्षा जास्त पडते, तरी चार जणांच्या गाडीच्या पेट्रोलपेक्षा कमीच. जाताना रेल्वेने एकूण २४ माणसे.

५ जुलै, शनिवार : परतीची तिकिटे

जाण्याच्या तिकिटांसाठी सगळे जागे असतात, परतीचे कोणाच्या लक्षात राहत नाही. मग २ सप्टेंबरला विसर्जन झाले की जो तो मिळेल त्या गाडीच्या मागे लागतो. ३ सप्टेंबरचे आरक्षण ५ जुलैला उघडते हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवले होते. तुतारी आणि मांडवी मिळून सात तिकिटे, ४२ माणसे, एकही वेटिंग नाही. सगळ्या कामात कमीत कमी श्रमात झालेली मोठी बचत हीच.

एक खबरदारी : केरळातून आदल्या दिवशी सुटून कोकणात येणाऱ्या गाड्यांचे ६० दिवस सुरुवातीच्या स्थानकावरच्या तारखेने मोजतात, आपल्या स्टेशनवरच्या नव्हे.

२२ जुलै, मंगळवार : रो-रो नको, एसटी हवी

गाडीच रेल्वेवर चढवून न्यायची कोकण रेल्वेची नवी सेवा, कोलाड ते वेर्णा, गाडीमागे ७,८७५ रुपये, सोबत जास्तीत जास्त तीन माणसे. दोन घरांना ती हवी होती. कोलाडपर्यंतचा रस्ता तर गाडीनेच कापायचा, म्हणजे वडखळची गर्दी चुकत नाही. वेर्णा गोव्यात, तिथून कुडाळला उलटे यायचे. शिवाय माणसांचे तिकीट वेगळे, आणि घरात पाच माणसे असतील तर दोघांनी दुसऱ्या गाडीने यायचे. मागाहून नांदगाव रोडचा थांबा जाहीर झाला, पण तोवर एसटी ठरली होती.

एसटीचे गट आरक्षण केले. महिलांना निम्मे भाडे, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आधार कार्डाच्या झेरॉक्स एका फाइलीत लावून नेल्या, त्यामुळे काम एका खेपेत झाले.

इथे एक हिशोब मांडावाच लागतो. गणपतीत सगळी गर्दी एकाच दिशेची असते. आपल्याला सोडून बस बहुधा रिकामी परतते, म्हणून तिचे डिझेल दोन्ही बाजूंचे धरले. लिटरला साडेचार किलोमीटर, ९६० किलोमीटर, २१३ लिटर, ५७२ किलो. गाडीने एका बाजूला माणशी २० किलो पडतात. बसमध्ये २९ पेक्षा कमी माणसे असतील तर एसटीने जाऊन गाडीपेक्षा काहीच वाचत नाही. आपली माणसे ३०, आसने ४२. म्हणून शेजारच्या वाडीत निरोप धाडला आणि १२ जागा भरल्या. माणशी साडेतेरा किलोवर आलो. अर्धी बस आणि मनाचे समाधान यावर थांबू नये.

उरलेल्या चार जणांची एक गाडी राहिली. अंथरुणावर असलेल्या आजींना बसमध्ये नेणे शक्य नव्हते. त्यावर कोणीही हुज्जत घातली नाही.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी : मूर्ती

मूर्ती मुंबईतून न्यायची नाही. गावच्या चित्रशाळेत घरचा पाट देऊन त्यावरच मूर्ती करून घ्यायची, ही जुनी पद्धत. नागपंचमीपर्यंत पाट पोचला नाही तर मूर्तिकार नवे काम घेत नाहीत. ११ पैकी ७ पाट गावच्या घरांत कुलुपात अडकले होते. किल्ल्या शेजाऱ्यांकडे होत्या म्हणून निभावले. पुढच्या वेळी पाट विसर्जनानंतर लगेच चित्रशाळेतच ठेवून यायचे.

एका घराला तीन फुटांची मूर्ती हवी होती. मातीची तीन फुटांची मूर्ती म्हणजे उचलायला चार माणसे आणि न्यायला टेम्पो. पीओपी हलके, म्हणून त्याच्या उंचीची सवय झालेली असते. मूर्तिकारांनीच समजावले : दीड फूट घ्या, दोघांनी डोक्यावरून घरी न्या, पऱ्याला (ओढ्याला) विसर्जन करताना पायही घसरणार नाहीत. मूर्ती चालत आली, चालत गेली. इंधन शून्य.

१० ऑगस्ट, रविवार : सामानाचे वजन

एका घराचे गेल्या वर्षीचे डिकीतले सामान पुन्हा एकत्र मांडून काट्यावर ठेवले. पाच माणसांचे ९६ किलो. त्यात ४१ किलो किराणा, १४ किलो सजावट, १२ किलो पाण्याच्या बाटल्या. स्लीपरमध्ये माणशी ४० किलो फुकट नेता येते, त्यामुळे नियमात बसले असते. पण मध्यरात्री पुलावरून चढवायचे कोणी?

किराणा : ११ घरांची एकच यादी, कुडाळच्या दुकानदाराला फोनवर. एकाच टेम्पोने वाडीत पोच, भाडे ९०० रुपये, घरामागे ८२. तांदूळ काढून टाकले, ते गावात घरचेच असतात. चूक अशी झाली की ‘११ घरांचे वेगळे बांधा’ एवढेच सांगितले आणि दुकानदाराने पाव-पाव किलोच्या प्लास्टिक पिशव्या भरल्या. ३०० च्या वर पिशव्या. साखर, रवा, डाळी गोणीतच पाठवा, वाडीत तराजू आहे, असे आधीच सांगायला हवे होते. गोणीतून डब्यात वाटायला दोन माणसांना दीड तास पुरतो.

सजावट : थर्माकोलवर राज्यात २०१८ पासूनच बंदी, तरी जुनी मखरे माळ्यावर पडून असतात. ती आणायची नाहीत. गणपतीवर माटवी (रानातल्या फळा-फुलांनी सजवलेली लाकडी चौकट) आहेच : कवंडळे, कांगणी, शेरवडे, तवशी, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे, नारळ. आदल्या दिवशी दोघेजण रानात गेले की दुपारपर्यंत जमते. ओरबाडू नये. कांगणीचा वेल मुळापासून उपटला तर पुढच्या वर्षी त्या जागी काही राहत नाही. फळाचा घड कात्रीने कापायचा.

बाकी घरातून न्यायची ती समई, आरतीची तबके आणि कपडे. घरामागे सामान सरासरी ३४ किलोवर आले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार : मुंबईतली घरे बंद करताना

फ्रिज रिकामा करून बंद केला. पूर्वी एका घरी बंद फ्रिजला आतून काळी बुरशी धरली होती, कारण दार घट्ट लावले होते. कोरड्या फडक्याने पुसून दाराच्या फटीत दुमडलेला टॉवेल ठेवायचा. गीझर, वायफाय, टीव्ही, मायक्रोवेव्ह भिंतीवरच्या बटणाने बंद. गॅसचा रेग्युलेटर बंद. दहा मिनिटांचे काम.

२४ ऑगस्ट, रविवार : रेल्वेची मंडळी

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे, गाड्या हळू. रोह्यापासून वीरपर्यंत मार्ग दुहेरी, पुढे जवळपास सगळा एकेरी. सणात स्पेशल वाढल्या की क्रॉसिंगला थांबावे लागते. दोन-तीन तासांचा उशीर धरूनच बेत आखावा. आपण तो धरला नाही. स्टेशनवरून दुपारची एसटी पकडायची असे ठरवले होते, ती निघून गेली होती. पुढची अडीच तासांनी.

सगळे रिक्षांत विभागून गेले असते तर सामानासकट पाच रिक्षा. तेवढ्यात ओळखीने एक १७ आसनी गाडी मिळाली, २,२०० रुपये. १२ माणसे आणि सामान एका फेरीत वाडीत. ही गाडी आधीच सांगून ठेवली असती तर ३०० ते ४०० रुपये कमी पडले असते. शेवटच्या १४ किलोमीटरचे वाहन मुंबईतूनच ठरवा, चालकाला रेल्वेगाडीचा नंबर द्या म्हणजे तो मोबाइलवर ती कुठवर आली ते बघून घरून निघतो, आणि थांबण्याचा दर आधी बोलून घ्या. प्रवासातल्या सगळ्या अडचणींत लोकांना पुन्हा स्वतःच्या गाडीकडे ढकलणारी हीच आहे.

खाणे : चपात्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची सुकी चटणी, लाडू, सगळे स्टीलच्या डब्यात. दोन डब्यांत ओल्या खोबऱ्याची चटणी होती, ती सकाळपर्यंत आंबली. दमट हवेत ओले नारळ रात्र काढत नाही. ती फेकावी लागली, आणि त्या घराने स्टेशनवर प्लास्टिकच्या ताटलीतले विकत घेतले.

२५ ऑगस्ट, सोमवार : एसटी

निघण्याची वेळ पहाटे ५. शनिवारी रात्री सगळे निघतात, म्हणून तो दिवस मुद्दाम टाळला. ज्यांना सोमवारची रजा मिळाली नाही त्यांना तीन आठवडे आधी अर्ज करायला सांगायला हवे होते. दोघांचा एक दिवसाचा पगार गेला.

वडखळ सोडले तर कोलाड, इंदापूर, माणगाव इथे रांग होतीच. रांगेत एसी लावून उभी कार तासाला लिटरभर पेट्रोल पिते. बसच्या खिडकीतून त्या रांगा बघताना प्रत्येक गाडीत दोन-तीन माणसे दिसत होती.

पाणी : २० लिटरचे दोन कॅन, खाली तोटी असलेले. पहिल्याच खड्ड्यांत एक तोटी सैल होऊन निम्मे पाणी बसच्या तळाला. दुसऱ्या कॅनची तोटी काढून बूच लावले, कॅन सीटच्या पायाला दोरीने बांधला आणि तांब्याने पाणी दिले. तोटीचा कॅन घराच्या ओट्यावर ठीक, बसमध्ये नको. तरी ४२ माणसांत विकतच्या बाटल्या नऊच लागल्या.

२८ ते ३१ ऑगस्ट : गावातल्या फेऱ्या आणि भजने

बाजार : रोज सकाळी ९ ला एकच रिक्षा, ११ घरांची यादी वाचनालयाच्या ओट्यावरच्या वहीत. पहिल्या दिवशी तीन घरांनी वहीत लिहिले नाही आणि दुपारी वेगळी रिक्षा केली. दुसऱ्या दिवसापासून वही आदल्या रात्री आरतीच्या वेळी घरोघर फिरवली, मग सगळे लिहू लागले. दूध शेजारच्या गोठ्यातून किटलीने, पिशव्या नाहीत.

भजनाच्या मंडळींचा चहा : घरामागे दोन भजने, प्रत्येकी ४० माणसे, म्हणजे ८८० कागदी पेले. कागदी पेल्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो ना कुजतो ना धड जळतो. वाडीतले ६० स्टीलचे पेले एका टोपलीत जमवले, टोपली घरोघर भजनाबरोबर फिरली. रात्री एक वाजता धुणार कोण, हा प्रश्न पहिल्याच रात्री आला आणि घरातल्या बायांवर ते काम पडले. हे बरोबर नव्हते. दुसऱ्या रात्रीपासून अंगणात पाण्याच्या दोन बादल्या आणि काथ्या. ज्याने चहा प्यायला त्याने पेला विसळून टोपलीत ठेवायचा. बुवांनी स्वतः पहिला पेला विसळला आणि पुढे कोणाला सांगावे लागले नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार : विसर्जन, निर्माल्य

निर्माल्यासाठी तीन फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डा खणला होता. २९ तारखेच्या पावसात तो भरला आणि दुर्वा-फुले त्यात कुजून वास सुटला. कोकणात भाद्रपदात खड्डा चालत नाही. चिऱ्यांवर उंच ढीग केला : खाली सुक्या काटक्या, वर निर्माल्य आणि सुका पाला आलटून-पालटून, प्रत्येक थरावर शेणकाला, वरून माडाच्या झावळांचे छप्पर. दोन दिवसांत वास थांबला. हारातला नायलॉनचा दोरा, प्लास्टिकची फुले, अगरबत्तीची पाकिटे आधी वेचून काढावी लागतात. ११ घरांच्या निर्माल्यातून अर्धी बादली दोरा निघाला. हार घेताना सुती दोऱ्याचा मागावा.

३ सप्टेंबर, बुधवार : परत

परतीच्या सामानाचा विचारच केला नव्हता. जाताना ३४ किलो, येताना प्रत्येक घराकडे नारळ, तांदूळ, आमसुले, तवशी. असोल्या नारळांची गोणी घेऊन तीन घरे स्टेशनला निघाली होती. नारळ वाडीतच सोलले, गोणीचे वजन निम्म्याच्या आसपास आले. सोडण (नारळाची वरची साल) चुलीला आणि माडाच्या आळ्यात. ज्यांना जास्त न्यायचे होते त्यांनी तांदूळ नोव्हेंबरात न्यायचे ठरवले.

कचरा : पंचायतीची रोजची घंटागाडी वाडीत येत नाही. इथे टाकलेले प्लास्टिक परसात जळते नाहीतर पऱ्यात जाते. प्रत्येक घराने आपले प्लास्टिक धुऊन, वाळवून, पिशवीत घालून मुंबईला नेले, एकूण साडेसात किलो. दोन पिशव्या न धुता बांधल्या होत्या, डब्यात वास आला. किराण्याच्या त्या ३०० पिशव्या नसत्या तर वजन आणखी कमी झाले असते.

रेल्वेने ४२, कुडाळहून मुंबईच्या नेहमीच्या एसटीने १२, गाडीने ४.

७ सप्टेंबर, रविवार : आकडे

जाताना बसमधला आपल्या ३० जणांचा वाटा १५२ लिटर डिझेल. येताना एसटीतल्या १२ जणांचा सुमारे ३१ लिटर. एक गाडी जाऊन-येऊन ६८ लिटर पेट्रोल. एकूण २५१ लिटर, सुमारे ६५० किलो. गेल्या वर्षी ६८६ लिटर आणि १,५७७ किलो. रेल्वेचा भार दोन्ही वर्षी धरलेला नाही. कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे, पण वीज बरीचशी कोळशाचीच, म्हणून तिला शून्य म्हणू नये.

वाया गेलेले : रद्द तिकिटांचे १,४४० रुपये, आयत्या वेळच्या गाडीत जास्तीचे सुमारे ४००, दोघांचा एक दिवसाचा पगार, आणि एक आंबलेली चटणी.

पुढच्या वर्षासाठी वहीत लिहिलेले

२०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबर, सोमवार. शुक्रवारी ११ ला रात्री निघायचे, म्हणजे तुतारीचे तिकीट १२ तारखेचे. ते १४ जुलैला सकाळी ८ वाजता उघडेल. पाट चित्रशाळेत ठेवून आलो आहोत. १७ आसनी गाडीच्या चालकाला तारीख सांगून ठेवली आहे, आगाऊ ५०० रुपये दिले.